बाळंतिणीची खोली : मातृसेवा संघाच्या इतिहासाचे एक पान

मातृसेवा संघाचा इतिहास सांगायला बसलेला माणूस सहसा १९२१ सालापासून सुरुवात करतो. त्या वर्षी कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने या दोघींनी नागपुरात एक लहानसे प्रसूतिगृह काढले आणि त्यातून संस्था वाढत गेली. हे खरेच आहे. पण मी राजूरची. वणी तालुक्यातल्या खाणवस्त्या, चुनाभट्ट्या आणि आसपासची पोडं म्हणजे आदिवासी पाडे, यांत आरोग्यसेविका म्हणून माझी सारी नोकरी गेली. माझ्या जागेवरून पाहताना या संस्थेचा इतिहास प्रसूतिगृहाच्या पाटीपासून सुरू होत नाही. बाळंतिणी ज्या तापाने जात होत्या, त्या तापापासून तो सुरू होतो. तो ताप नीट समजून घेतल्याशिवाय त्या दोघींनी काय केले याची थोरवी कळत नाही, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

बाळंतपण सुखरूप पार पडलेले असे. मूल रडले, वार पडली, घरात गूळ वाटला गेला. दोन दिवस बाई बरी. तिसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरे. दूध उतरण्याचा दिवसही तोच. त्यामुळे घरातल्या जाणत्या बायका म्हणत, दुधाचा ताप आहे, आपोआप उतरेल. चौथ्या दिवशी पोट फुगून टणक होई, हात लावू देईना. अंगावरून जाणे एक तर थांबे किंवा त्याला घाण वास सुटे. नाडी धावू लागे. पाचवीच्या पूजेला पाटावर बसायची बाई तोवर भ्रमात बडबडू लागलेली असे. मग एक दिवस असा येई की ती एकदम शांत होई, दुखणे कमी झाले म्हणे, मुलाला जवळ द्या म्हणे. घरच्यांना वाटे, देव पावला. वैद्यकी जाणणाऱ्याला ते लक्षण नको असे, कारण त्यानंतर फार वेळ उरत नसे. पोथ्या-पुस्तकांत याला सूतिकाज्वर म्हटले आहे. घरांतून बाळंतरोग म्हणत, वारं लागलं म्हणत, सटवाईचा कोप म्हणत. ज्या घरात एक सून अशी गेली, त्याच घरात दुसऱ्या सुनेची त्याच खोलीत, त्याच सुईणीच्या हातून, त्याच रीतीने तयारी होई.

अशा किती गेल्या? याचे उत्तर देता येऊ नये अशीच त्या काळची व्यवस्था होती. वऱ्हाडात गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद पोलीस पाटलाकडे असे. पाटील काही डॉक्टर नव्हे. बाई तापाने गेली म्हटल्यावर तो ‘ताप’ लिही. हिवताप, विषमज्वर आणि बाळंतिणीचा ताप हे सगळे त्या एकाच रकान्यात जमा होत. जी बाई मूल जन्माला घालताना मेली, तिच्या मरणात मुलाचा उल्लेखही नसे. सरकारी अहवालांत वर्षानुवर्षे ‘ताप’ हेच मृत्यूचे सर्वांत मोठे कारण दिसते. त्या ढिगाखाली किती बाळंतिणी पुरल्या गेल्या असतील, या विचाराने आजही माझा जीव कासावीस होतो.

पहिला मोठा अंदाज आला तो १९३३ मध्ये. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे प्रमुख सर जॉन मेगॉ यांनी देशभरच्या डॉक्टरांकडून खेड्यांची माहिती मागवली आणि हिशेब मांडला. दर हजार जन्मांमागे साडेचोवीस माता मरतात, म्हणजे वर्षाला सुमारे दोन लाख. पुढे भोर समितीने १९४६ मध्ये हजारी वीसचा आकडा धरला. मेगॉ यांनी हिशेब मांडला त्या सुमारास इंग्लंडात हे प्रमाण हजारी चार ते पाच होते आणि तेवढ्यावरही तिथे संसदेत आणि वृत्तपत्रांत गदारोळ उठे. मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस शहरातल्या मातामृत्यूंची चौकशी केली. त्यांचा अहवाल १९४१ मध्ये निघाला. झिराडबाई मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातल्या, कामा हॉस्पिटलच्या पहिल्या भारतीय प्रमुख. कोण कशाने गेली, घरी गेली की दवाखान्यात, आधी कोणी हात लावला होता, असे एकेका मृत्यूमागे जाऊन विचारण्याची रीत आपल्याकडे अशा बायकांनी घातली. आज गावात माता दगावली की तिच्या मृत्यूचे अन्वेषण होते, त्याचे मूळ तिथे आहे.

आता कारणाकडे येते. बाळंतपण म्हणजे विटाळ. मुद्दा सगळा या एका समजुतीत आहे. बाळंतीण विटाळलेली, तिच्या अंगाला लागलेले कापड विटाळलेले, तिला शिवणारी बाई विटाळलेली. मग तिच्यासाठी घरातली चांगली वस्तू कोण बाहेर काढील? जी लुगडी नंतर टाकूनच द्यायची, ती वर्षभर गाठोड्यात बांधून ठेवलेली असत. खाट मोडकी, बाज जुनी. खोली घराच्या मागच्या अंगाची, खिडकी असली तर तिच्यात चिंध्या कोंबलेल्या, आत शेगडी आणि ओव्या-शेपांची धुरी. सुईणही आपले सर्वांत मळके लुगडे नेसून येई, कारण ते काम झाल्यावर तिलाही अंघोळ करून ते धुवावेच लागे. नाळ विळ्याने कापायची किंवा बांबूच्या कापाने. त्यावर राख नाहीतर शेण. त्यातून बाळाला धनुर्वात होई आणि सात-आठ दिवसांत तेही जाई. ज्या माउलीला घरात सगळ्यांत स्वच्छ जागेची गरज होती, तिला सगळ्यांत घाणेरडी जागा मिळे, आणि तीही धर्म म्हणून, माया नाही म्हणून नव्हे. सासवा निर्दय नव्हत्या. त्यांचीही बाळंतपणे तशीच झाली होती.

यात सगळा दोष सुईणीच्या माथी मारायची एक सवय पडली आहे. इंग्रजी अमदानीतल्या अहवालांनी ती लावली आणि आपल्या शिकलेल्या माणसांनी ती उचलली. मला ती मान्य नाही. सुईण गावातल्या हलक्या मानलेल्या घरातली, तिला मिळायचे ते एखादे लुगडे आणि पायलीभर ज्वारी. अडलेली बाई मोकळी करण्याचे तिच्या बोटांचे ज्ञान खरे होते. तिला ठाऊक नव्हते ते एवढेच की त्याच बोटांवर मरण बसलेले असू शकते. आणि हे युरोपातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते.

व्हिएन्नाची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात शिकाऊ डॉक्टर, दुसऱ्यात शिकाऊ सुईणी. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या अकराहून जास्त बाळंतिणी मेल्या, सुईणींच्या विभागात तिनापेक्षा कमी. बायका डॉक्टरांच्या विभागात जायला घाबरत, पाया पडून दुसरा विभाग मागत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने कारण शोधले. विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट बाळंतिणीकडे येत. हातांवर प्रेताचे जे कण असत तेच ते तिच्या पोटात पोहोचवत. १८४७ च्या मे महिन्यात त्याने नियम केला की क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याखेरीज बाळंतिणीला शिवायचे नाही. पुढच्या वर्षी त्या विभागातले मृत्यू सव्वा टक्क्यावर आले. सन्माननीय डॉक्टरांचे हात मळके असतात हे ऐकून घ्यायची मात्र कोणाची तयारी नव्हती. सेमेलवाइसला तिथून जावे लागले. १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मेला, तोही जखम चिघळून रक्तात विष भिनल्याने.

क्लोरीनचा चुना म्हणजे आपण विहिरीत टाकतो ती ब्लीचिंग पावडर. विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडला की ती होते. आमच्या राजूरच्या भट्ट्यांत चुनखडी भाजून चुना काढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. भट्टीवर दगड फोडणाऱ्या, चुना चाळणाऱ्या बायांच्या हातांना भेगा पडलेल्या मी रोज पाहिल्या आहेत. बाळंतिणीला वाचवणारी वस्तू ज्या दगडातून निघते तो दगड या बायांच्या डोक्यावरून जात होता, आणि त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणात मात्र तिचा थेंब नव्हता. विज्ञान आणि गाव यांच्यात किती अंतर पडू शकते, हे दाखवायला मला याहून मोठे उदाहरण सापडत नाही.

पाश्चरने १८७९ मध्ये या तापाचे जंतू फळ्यावर काढून दाखवले, साखळीसारखे एकाला एक लागलेले. त्याआधीच लिस्टरने कार्बोलिक आम्ल वापरून शस्त्रक्रियेतले पू होणे थांबवले होते. म्हणजे विसावे शतक उजाडले तेव्हा हा ताप कशाने येतो आणि कसा थांबवायचा, हे दोन्ही जगाला माहीत होते. नवे काही शोधायचे उरले नव्हते. उरले होते ते ज्ञान बाळंतिणीच्या खोलीपर्यंत न्यायचे काम.

सरकारने काही केले नाही असे नाही. १८८५ मध्ये लेडी डफरीन यांच्या नावाने फंड निघाला, त्यातून ठिकठिकाणी फक्त बायकांसाठी रुग्णालये उभी राहिली. अमरावतीच्या स्त्री रुग्णालयाला लोक आजही डफरीनच म्हणतात. नागपूरचे डफरीन पुढे डागा रुग्णालय झाले. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी सुईणींना शिकवण्यासाठी वेगळा निधी उभारला. मिशनच्या डॉक्टरणी तर त्याही आधीपासून काम करत होत्या. पण घराघरांतली बाई तिथपर्यंत जाईना. दवाखान्यात गेली ती परत येत नाही, अशी समजूत होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती, कारण तिथे नेत ते दोन-दोन दिवस अडून घरी सगळे उपाय थकल्यावर. शिवाय तिथे जातीपातीचा प्रश्न, धर्म बाटण्याची भीती, परक्या भाषेत बोलणाऱ्या मडमा. सुईणींच्या वर्गाचीही तीच गत. सहा महिने शिकायला जायचे तर तोवर घर कसे चालायचे, आणि शिकून आल्यावर जास्त पैसे कोण देणार?

या ठिकाणी कमलाताई येतात.

जन्म १८९६ चा. लहान वयात लग्न, आणि लहान वयातच वैधव्य. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या विधवेचे आयुष्य स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या मधल्या जागेत संपायचे. कमलाताई तिथून उठल्या आणि नागपूरच्या डफरीन रुग्णालयात परिचारिकेचे आणि सुईणीचे शिक्षण घ्यायला गेल्या. हे वाक्य लिहायला सोपे आहे. ते ज्या काळात घडले, त्या काळी सुईणीचे काम हे अस्पृश्य मानलेल्या बायकांचे काम होते. चांगल्या घरातल्या बाईने दुसऱ्याच्या बाळंतपणातले रक्त-मळ काढणे म्हणजे नुसता विटाळ नव्हता, जातीबाहेर जाणे होते. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सेवासदन काढून विधवांना परिचर्येच्या शिक्षणाला पाठवायला सुरुवात केली होती, तेव्हा त्यांनाही याच टीकेतून जावे लागले. विदर्भात ती वाट कमलाताईंनी धरली.

आणि इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाळंतिणीच्या खोलीत विधवा येणे हे अशुभ होते. पांढऱ्या कपाळाची बाई तिच्या दृष्टीसही पडू नये म्हणत. ज्या सवाष्णींना तिथे मान होता, त्यांच्या हातांत डझनभर बांगड्या, बोटांत अंगठ्या, कोपरापर्यंत काकणे. त्या हातांना साबण आणि ब्रश पोहोचणे मुश्कील. कमलाताईंचे आणि त्यांच्यासारख्या कितीतरी पहिल्या परिचारिकांचे मनगट उघडे होते. ते कोपरापर्यंत घासता येत होते, लायसॉलच्या पाण्यात बुडवता येत होते. समाजाने ज्या हातांना अशुभ ठरवून बाजूला ठेवले होते, ते हात या कामासाठी सगळ्यांत निर्मळ निघाले. मातृसेवा संघाच्या मुळाशी मला हे दिसते. विटाळ मानलेली खोली आणि अशुभ मानलेली बाई या दोघी एकत्र आल्या आणि त्यातून बायकांचे जीव वाचले.

काळही उलथापालथीचा होता. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली. आमच्याकडे तिला मानमोडी म्हणत. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला तिचा तडाखा देशात सर्वांत जास्त बसला, आणि गरोदर बाया त्यात फार गेल्या. १९२० च्या डिसेंबरात नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि असहकाराचा ठराव पक्का झाला. शहर भारून गेले होते. पुरुष सभांना जात होते, तुरुंगाची तयारी करत होते. दोन बायकांनी देशकार्य म्हणून प्रसूतिगृह काढायचे ठरवले. १९२१ मध्ये काही थोड्या खाटांवर काम सुरू झाले. त्या कामाला टाळ्या नव्हत्या. रात्री-अपरात्री हाक आली की जायचे, आणि सकाळी परत येऊन चादरी उकळायच्या.

त्या काळच्या चांगल्या प्रसूतिगृहाची शिस्त कशी असे, ते सांगते, कारण प्रसूतिगृह ‘निघाले’ एवढ्याने काही वाचत नाही, शिस्तीने वाचते. बाई दाखल झाली की आधी तिला अंघोळ आणि धुतलेले कपडे. घरून आणलेले गाठोडे बाहेर. खोलीला खिडक्या, जमीन रोज फिनेलने पुसलेली. कात्री, चिमटे, नाळेचा दोरा पाण्यात उकळत ठेवलेले, आणि उकळी फुटल्यावर घड्याळ लावून. नखे कापलेली. हात साबणाने आणि ब्रशने घासायचे, मग लायसॉलच्या कुंडीत. त्यानंतर त्या हाताने पदरही सावरायचा नाही. आतून तपासणी जितकी कमी तितकी चांगली. पोटावरून हाताने मूल कसे आहे ते ओळखायला शिकवीत. बाळंतपणानंतर सकाळ-संध्याकाळ ताप मोजून कागदावर टिंब टाकायचे. त्या कागदावरची रेघ १००.४ अंशांच्या वर गेली की ती खाट वेगळी, तिची भांडी वेगळी, तिची परिचारिका वेगळी, आणि तिला पाहणाऱ्या बाईने दुसऱ्या बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही. पुढे १९३० च्या दशकात हेही कळले की हे जंतू निरोगी दिसणाऱ्या परिचारिकेच्या घशात मुक्काम करून असतात. तेव्हापासून तोंडावर फडके आले. ताप मोजणे, लिहिणे, वेगळे ठेवणे यांत कुठेही महागडी वस्तू नाही. लागते ती रोज, न कंटाळता, कोणी पाहत नसतानाही ते करण्याची वृत्ती. संघाने मुलींना परिचारिका म्हणून शिकवायला घेतले ते याचसाठी. विधवा, टाकलेल्या, शिकायच्या राहून गेलेल्या बायका आल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहून गेल्या. गावोगावच्या प्रसूतिगृहांना माणसे मिळाली ती अशा शिक्षणातूनच.

औषध नंतर आले. १९३५ मध्ये जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांचे प्रॉन्टोसिल हे लाल रंगाचे औषध जाहीर झाले. पुढच्या वर्षी लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लिओनार्ड कोलब्रुक यांनी ते बाळंतरोगाच्या बायकांना देऊन पाहिले. जिथे शंभरातल्या वीसहून जास्त जात होत्या, तिथे पाचाच्या आसपास जाऊ लागल्या. मग सल्फाच्या गोळ्या आल्या, युद्धानंतर पेनिसिलिन. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ पासून पेनिसिलिन देशात बनू लागले. म्हणजे मातृसेवा संघाची पहिली दीड दशके, ज्यांत संघ उभा राहिला आणि लोकांचा विश्वास बसला, ती सगळी बिनऔषधाची होती. एकदा ताप चढला की हातात फारसे काही नव्हते. जे काही होते ते ताप चढू न देण्यात होते. म्हणूनच त्या पंधरा वर्षांना मी पुढच्या सगळ्या वर्षांपेक्षा अधिक मानते.

आता राजूरकडे वळते. आमचे गाव कोळशावर आणि चुन्यावर वाढले. राजूर कॉलरी हीच त्याची ओळख. खाणीसाठी तेलंगणातून, छत्तीसगडातून कुटुंबे आली, आसपासचे गोंड-कोलाम होतेच. एकाच वस्तीत तीन-चार भाषा आणि बाळंतपणाच्या तेवढ्याच रीती. आणि खाणकामगार बाईची अडचण घरातल्या बाईपेक्षा वेगळी होती. तिला अंधारी खोलीसुद्धा मिळत नव्हती, कारण तिला विश्रांतीच नव्हती. त्या काळी मध्य प्रांतातल्या खाणींत बायका जमिनीखालीही काम करत. १९२९ च्या नियमांनी ते टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरले आणि १९३७ पर्यंत ते बंद झाले. पण युद्धाला कोळसा हवा होता. १९४३ मध्ये बंदी उठवली गेली, मध्य प्रांतातल्या बायका पुन्हा खाली उतरल्या, आणि १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी परत आली. मध्य प्रांतात १९३० मध्येच कारखान्यांतल्या बायकांसाठी प्रसूती रजेचा कायदा झाला होता. खाणींतल्या बायकांसाठी तो यायला १९४१ साल उजाडले. बाळंतपणाआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे, रोज आठ आणे. आठ आणे म्हणजे फार नव्हे, पण ओल्या बाळंतिणीला चार आठवडे कामावर येऊ द्यायचे नाही, हे त्या कायद्याने मालकावर बंधन घातले. जंतू आणि अशक्तपणा यांचे सख्य जुने आहे. रक्त कमी असलेली, पोटभर न जेवलेली, सहाव्या दिवशी पाटी उचलणारी बाई साध्या जंतूलाही बळी पडते. म्हणून मी या कायद्याला सल्फाच्या गोळीच्या बरोबरीने मान देते.

मातृसेवा संघाच्या शाखा पुढे नागपूरच्या बाहेर विदर्भात आणि जुन्या मध्य प्रांतात निघाल्या. पण संघाचे एक काम असे आहे की ज्याबद्दल समारंभात फारसे बोलले जात नाही, आणि ते या विषयाच्या गाभ्यातले आहे. लग्नाआधी किंवा वैधव्यात दिवस गेलेल्या बाईला त्या काळी दोनच वाटा होत्या, विहीर किंवा काडी. काडी घालणे म्हणजे काय ते आमच्या पिढीच्या बायकांना सांगावे लागत नाही. बिब्ब्याची, कण्हेरीच्या मुळीची किंवा कसलीही काडी आत सारून गर्भ पाडायचा. त्यातून जंतू थेट आत जात, आणि चार-सहा दिवसांत त्याच तापाने, त्याच फुगलेल्या पोटाने बाई जाई. तिच्यासाठी पाचवी नव्हती की रडणे नव्हते. अंधारात न्यायचे आणि पोटदुखीने गेली म्हणायचे. संघाने अशा बायांना दार उघडे ठेवले. तिथे त्या सुखरूप बाळंत झाल्या, मुले वाढवली गेली, आया परत आयुष्याला लागल्या. गर्भपात कायदेशीर व्हायला १९७१ उजाडावे लागले. त्याआधीची पन्नास वर्षे ज्यांनी लोकनिंदा सोसून हे काम केले, त्यांनी किती काड्या थांबवल्या याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही. माझ्या मते संघाचे सर्वांत मोठे पुण्य ते.

पुढचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो सर्वांना ठाऊक आहे. १९५८ मध्ये संघाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था काढली. वृद्धांसाठी पंचवटी उभी राहिली. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली, १९८० मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार. १९८१ मध्ये त्या गेल्या. संघाचे सीताबर्डीचे रुग्णालय विदर्भातल्या कितीतरी घरांत माणसासारखे ओळखीचे आहे. अमका बर्डीवर जन्मला, म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही.

राजूर भागात मी कामाला लागले तेव्हा दायांना शिकवण्याची सरकारी योजना सुरू होती. पाच स्वच्छता आम्ही शिकवत असू. हात, जागा, पाते, दोरा आणि नाळ. पिशवीत नवे पाते, उकळलेला दोरा, साबणाची वडी. एका वर्गात बांगड्यांवरून सगळे अडले. साबण मनगटाच्या वर जाईना. दाया म्हणाल्या, हात रिकामा करायचा नाही, नवरा जिवंत आहे. त्यात एक म्हातारी कोलाम दाई होती. तिने कोणाशी वाद घातला नाही. लुगड्याच्या काठाची पट्टी फाडली, हातातल्या बांगड्या कोपराच्या वर सरकवल्या, त्यावर पट्टी घट्ट गुंडाळून दातांनी गाठ मारली आणि कोपरापर्यंत हात घासून दाखवला. वर्ग संपेपर्यंत सगळ्यांच्या दंडांवर पट्ट्या होत्या. त्यानंतर मी प्रत्येक वर्गात तेच शिकवले. त्या दाईला सही येत नव्हती. तिच्या हातून झालेल्या बाळंतपणांत तापाने गेलेली बाई मला आठवत नाही.

आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यातच होतात. महाराष्ट्रातले मातामृत्यूचे प्रमाण २०१८ ते २० या काळात लाख जन्मांमागे ३३ होते. मेगॉ साहेबांचा आकडा त्याच मापाने मांडला तर दोन हजार चारशे पन्नास. पण दवाखान्यातून बाई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येते, आणि ताप येण्याचे दिवस त्यानंतरच असतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घरी जाऊन नवजात बाळ आणि बाळंतीण तपासण्याची जी पद्धत बसवली, तीच आज देशभर आशाताई चालवतात. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. राजूरच्या आशांना मी अजूनही भेटते. त्यांना एकच सांगते की तिसऱ्या दिवसाची भेट कधी चुकवू नका, ‘दुधाचा ताप आहे’ असे घरच्यांनी सांगितले तरी थर्मामीटर लावा, आणि अंगावरून जाण्याला वास येतो का ते लाज न धरता विचारा. थर्मामीटरचा सेल संपला असेल तर वणीहून आणून घ्या, पुढच्या महिन्याच्या पुरवठ्याची वाट पाहू नका.